टेबलावर माझे ठोके ३८वर आले होते

भुलीच्या डॉक्टरांना विचारा : या महिन्यात तीन पत्रं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय २८. सांगली जिल्ह्यात पोलीस शिपाई आहे. अडीच वर्षांपूर्वी माझं पहिलं सिझर झालं. पाठीत इंजेक्शन दिलं, पाय जड झाले, समोर हिरवा पडदा लावला. थोड्याच वेळात मळमळायला लागलं, जांभयांवर जांभया येऊ लागल्या, सगळ्यांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटू लागले. मॉनिटरची टिकटिक एकदम सावकाश झाली. भुलीचे डॉक्टर सिस्टरना म्हणाले, "३८ झालेत, ॲट्रोपीन द्या लवकर." मग तोंडाला कोरड पडली, छाती धडधडायला लागली आणि पाचेक मिनिटांत बरं वाटलं. मुलगी झाली, रडलीही लगेच. दुसऱ्या दिवशी राउंडला विचारलं, तर "काही नाही, होतं असं," एवढंच म्हणाले. डिस्चार्ज कार्डावर यातलं एक अक्षर नाही. घरी मात्र "हिच्या हार्टमध्ये काहीतरी आहे" हे तेव्हापासून पक्कं झालंय. आता पुन्हा दिवस गेलेत, सातवा चालू आहे, आणि याही वेळी सिझरच असं डॉक्टर म्हणाल्यात. सासूबाईंचा आग्रह आहे की पाठीत इंजेक्शन नको, पूर्ण भूल घे. पिशवीच्या ऑपरेशनच्या वेळी पाठीत इंजेक्शन घेतल्यापासून त्यांची कंबर दुखते, असं त्यांचं म्हणणं. माझी नाडी पहिल्यापासून कमीच असते, भरतीच्या मेडिकलला ५६ निघाली होती. मागच्या खेपेला आठव्या महिन्यात बीपी वाढलं म्हणून लॅबेटालॉलची गोळी दिवसातून दोनदा चालू होती. या वेळी बीपी अजून ठीक आहे. मी काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर : तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या हृदयात दोष असेल असं मला वाटत नाही. ठोके का उतरले त्याची दोन कारणं तुम्ही स्वतःच शेवटच्या चार ओळींत लिहून पाठवली आहेत. उरलेलं कारण त्या इंजेक्शनच्या गुणधर्मातच आहे. ते नीट सांगते, कारण हे त्याच दिवशी कुणीतरी तुमच्या कॉटशेजारी बसून सांगायला हवं होतं.

सिझरसाठी आम्ही कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधल्या फटीतून, शिवणाच्या सुईहून बारीक सुईने, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात ब्युपिव्हॅकेन नावाचं औषध सोडतो. किती? साधारण २ मिलिलिटर. चहाचा अर्धा चमचाही नाही. त्यात ग्लुकोज मिसळलेलं असल्यामुळे ते त्या पाण्यापेक्षा जड असतं आणि टेबलाच्या उताराप्रमाणे सरकतं. काप बेंबीच्या खाली असतो, पण भूल तिथवर चढून भागत नाही. पोटाच्या आतल्या आवरणाला हात लागला, गर्भाशय ओढलं, की त्याची जाणीव वरच्या नसांवाटे मेंदूकडे जाते. म्हणून भूल छातीपर्यंत, स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत चढवावी लागते. स्पिरिटचा बोळा आधी खांद्याला, मग पोटावरून वर वर लावत "गार लागतंय का?" असं कुणी विचारलेलं तुम्हाला आठवत असेल. ती रेषा कुठे आली तेच त्यात बघायचं असतं.

नेमकी इथेच गोम आहे. हृदयाला जलद चालवणाऱ्या नसा छातीच्या पहिल्या चार मणक्यांपासून निघतात. भूल चौथ्यापर्यंत चढवावीच लागते, आणि थोडी वर सरकली की या नसाही तिच्या कचाट्यात येतात. ठोके सावकाश करणारी नस मात्र पाठीच्या कण्यातून येतच नाही. ती मेंदूच्या बुडातून निघून मानेतून खाली उतरते, त्यामुळे तिला या इंजेक्शनाचा स्पर्शही होत नाही. बैलगाडीचं उदाहरण घ्या. हाकणारा झोपला, पण कासरा ओढणारा जागाच आहे. गाडी मंद होणारच.

दुसरी गोष्ट त्याच वेळी घडते. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही झोपतात आणि कमरेखालचं रक्त पायांत साचून राहतं. त्यात भरलेलं गर्भाशय. बाई उताणी झोपली की ते पाठीला लागून असलेल्या मोठ्या शिरेवर बसतं आणि खालून वर येणारं रक्त अडवतं. म्हणून आम्ही उजव्या कुल्ल्याखाली घडी केलेली चादर सरकवतो किंवा टेबल डावीकडे कलतं करतो. एवढं करूनही कधी कधी हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं. हृदयाचे कप्पे अर्धे रिकामे राहिले की हृदय स्वतःच मंद होतं. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. जर्मन संशोधक आल्बर्ट फॉन बेझोल्ड यांनी तिच्या खुणा १८६७ साली टिपल्या. पुढे यारिश यांनी ती उलगडली, म्हणून आम्ही तिला दोघांच्या नावाने ओळखतो. निरोगी हृदयातही ही क्रिया असते. किंबहुना तरुण, धडधाकट, पळणाऱ्या-खेळणाऱ्या माणसात ती जास्त जोरकस असते.

आता तुमचं स्वतःचं. भरतीसाठी तुम्ही रोज पहाटे मैदानावर ८०० मीटरचा सराव केला असणार. त्या सरावाने तुमचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकलं, म्हणून बसल्या जागी नाडी ५६. कासरा ओढणारी नस तुमच्यात पहिल्यापासूनच बळकट आहे. बसल्या जागी ज्यांची नाडी ६०च्या खाली असते, त्यांचे ठोके पाठीतल्या भुलीत उतरण्याची शक्यता जास्त, हे आम्हाला शिकत असतानाच पढवलेलं असतं. त्यावर लॅबेटालॉल. ही बीपीची चांगली गोळी आहे, गरोदरपणात आम्ही विश्वासाने वापरतो. पण बीपीबरोबर ती ठोकेही धरून ठेवते. म्हणजे त्या सकाळी तुम्ही टेबलावर चढलात तेव्हाच तुमचं हृदय दोन बाजूंनी आवरलेलं होतं. तिसरी बाजू भुलीने ओढली.

आणखीही एक शक्यता आहे, पण ती तुमचा कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. बीपी उतरू नये म्हणून हल्ली सिझरमध्ये फेनिलेफ्रिन देतात. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि बीपी वर येतं. बीपी वर आलं की मानेतल्या रक्तवाहिनीतून मेंदूला निरोप जातो आणि ठोके आपोआप कमी होतात. अशा वेळी नाडी ५०वर आली तरी बीपी छान असेल, बाई हसून बोलत असेल, तर आम्ही फेनिलेफ्रिन थांबवून नुसतं बघतो. पण नाडीही खाली, बीपीही खाली आणि बाईला मळमळतंय, तर मात्र थांबायला वेळ नसतो. तुमच्या बाबतीत दुसरा प्रकार झालेला दिसतो. तुमच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबर केलं आणि वेळेवर केलं.

मळमळ आणि जांभया तुम्हाला आठवतात, याचं मला फार महत्त्व वाटतं. १९९८ साली मी कराडजवळच्या एका लहान दवाखान्यात भूल द्यायला जात असे. ऊसतोडीचा हंगाम होता. बीडकडून आलेली एक बाई, तिसरं बाळंतपण, रात्री दोन वाजता सिझर. तेव्हा तिथे आजच्यासारखे मॉनिटर नव्हते. बीपीचा पट्टा मी हाताने फुगवत असे, आणि माझी दोन बोटं तिच्या मनगटावर. पाठीत इंजेक्शन देऊन सहा-सात मिनिटं झाली असतील. ती शांतपणे म्हणाली, "ताई, जांभया लई यायल्यात." मी पट्ट्याकडे हात नेला आणि त्याच क्षणी बोटांखालची नाडी लांब लांब जाताना कळली. एक ठोका… मग इतका वेळ काहीच नाही, की मी माझाच श्वास रोखला… मग दुसरा. ॲट्रोपीन भरलेली सिरिंज ट्रेमध्ये तयार होती म्हणून बरं. ते सोडलं, पाय वर उचलायला लावले, सलाईन मोकळं केलं. मिनिटभरात नाडी पुन्हा बोटाला लागली. बाईला मुलगा झाला. मेंदूला रक्त कमी पडलं की पहिली तक्रार मळमळ आणि जांभई हीच असते. यंत्र पुढचं बीपी मोजेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं जातात. म्हणून आजही चांगला मॉनिटर समोर असताना मी बाईच्या डोक्याशी उभी राहून तिच्याशी बोलत राहते. उत्तर उशिरा आलं, शब्द अडखळले, तर मी आधी नाडी धरते आणि मग स्क्रीन बघते.

नंतरची कोरड आणि छातीतली धडधड औषधाची होती. ॲट्रोपीन कासरा ओढणाऱ्या हाताला थोडा वेळ बाजूला करतं. ठोके ३८वरून एकदम ११०-१२०वर जातात, लाळ आटते. घरी "हिची छाती धडधडली होती" हेच लक्षात राहिलं असेल, तर सासूबाईंना एवढं नक्की सांगा की तो आजार नव्हता, उपाय होता.

"होतं असं" हे उत्तर खोटं नाही. पण एवढ्यावर बाईला घरी पाठवणं मला मान्य नाही. टेबलावर जी जागी होती, जिने ३८ हा आकडा स्वतःच्या कानांनी ऐकला, तिला अडीच वर्षं त्या आकड्यासोबत एकटं सोडलं. आणि जे सांगितलं नाही ते निदान लिहायला तरी हवं होतं.

ते लिहिलेलं आहे, फक्त तुमच्या हातात नाही. प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी भुलीचे डॉक्टर एक वेगळा कागद भरतात. दर पाच मिनिटांची नाडी, बीपी, दिलेलं प्रत्येक औषध आणि त्याची वेळ त्यात असते. डिस्चार्ज कार्डाबरोबर तो सहसा मिळत नाही, फाईलमध्ये राहतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार डॉक्टरांनी कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवायची असतात आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. तुम्हाला अडीच वर्षं झाली, म्हणजे सहा महिने हातात आहेत. हे बाळंतपण होईपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात जा. साध्या कागदावर तुमचं नाव, ऑपरेशनची तारीख आणि "भुलीच्या नोंदीची प्रत मिळावी" असा अर्ज लिहा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. खात्यात आहात, पोच घेणं तुम्हाला मी शिकवायला नको. भांडणाच्या सुरात मागू नका, तिथे कुणी चूक केलेली नाही. पुढच्या डॉक्टरांना त्या कागदावर हवं ते सगळं मिळेल. भूल कुठवर चढली होती, नाडी उतरण्याआधी बीपी किती होतं, फेनिलेफ्रिन दिलं होतं का, ॲट्रोपीन एकदाच लागलं की पुन्हा.

हृदयाच्या तपासणीबद्दल. एक ईसीजी काढून घ्या, साधा आहे, स्वस्त आहे, आणि पुढच्या वेळी ताडून बघायला कामाला येतो. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सरसकट सगळ्यांचा करा असं मी म्हणणार नाही. पण पुढच्यापैकी एकाही प्रश्नाला "हो" असेल, तर तो टाळू नका. ऑपरेशनचा प्रसंग सोडून, धावताना किंवा कवायतीत कधी चक्कर येऊन पडला होता का? घराण्यात कुणी तरुणपणी झोपेत किंवा चालताबोलता अचानक गेलंय का? उशी काढली की दम लागतो का? लहानपणी ताप येऊन एकामागून एक सांधे सुजले होते का? हे सगळं "नाही" असेल आणि ईसीजी चांगला असेल, तर माझ्यापुरता हृदयाचा विषय संपला.

आता पूर्ण भुलीचं. सासूबाईंची काळजी मला कळते. त्यांनी सुनेला तशा अवस्थेत पुन्हा बघायचं नाही असं ठरवलंय, यात त्यांचं प्रेमच आहे. पण गरोदर बाईला पूर्ण बेशुद्ध करणं हे पाठीतल्या इंजेक्शनपेक्षा जास्त जोखमीचं आहे. नवव्या महिन्यात घशाला आतून सूज असते, श्वासनळीत नळी घालणं अवघड जाऊ शकतं. पोटातलं आंबट पाणी वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते. श्वास थोडा थांबला तरी रक्तातला ऑक्सिजन इतर बायकांपेक्षा फार लवकर उतरतो. भुलीचं औषध थोडंफार बाळापर्यंतही पोचतं. काही वेळा तीच भूल द्यावी लागते. खूप रक्तस्राव होतोय, प्लेटलेट फार कमी झाल्यात, क्षणाचाही वेळ नाही, अशा वेळी. तुमच्या बाबतीत यातलं काही नाही. ३८वर उतरलेली नाडी एका ॲट्रोपीनने वर आली. अडकलेली श्वासनळी एका इंजेक्शनने उघडत नाही. माझी स्वतःची मुलगी तुमच्या जागी असती, तर मी पाठीतलंच इंजेक्शन घ्यायला सांगितलं असतं.

सासूबाईंच्या कंबरेचं म्हणाल, तर सुई टोचलेली जागा चार-आठ दिवस दुखते, तेवढं खरं. वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईमुळे होत नाही. पिशवीचं ऑपरेशन ज्या वयात होतं, त्याच वयात हाडं आणि स्नायू कमकुवत व्हायला लागतात, आणि दोष त्या दिवसाच्या लक्षात राहिलेल्या एका टोचणीवर जातो. त्यांची कंबर मात्र एकदा हाडांच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. इतकी वर्षं दुखतेय तर काहीतरी असेल, आणि त्यावर उपाय असू शकतो.

या वेळी एक गोष्ट वेगळी करा. भुलीच्या डॉक्टरांना टेबलावर भेटू नका, नववा लागायच्या आधी भेटा. आमच्याकडे तालुक्याच्या गावी भुलीचे डॉक्टर एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात धावत असतात. पेशंटची पहिली भेट बहुतेक ऑपरेशन थिएटरच्या दारातच होते. हे मला स्वतःला बोचतं. तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांगून पंधरा मिनिटांची वेळ मागून घ्या. फाईल, ईसीजी आणि मिळालेला भुलीचा कागद घेऊन जा आणि सांगा : "बसल्या जागी नाडी ५६ असते. मागच्या वेळी पाठीतल्या भुलीत ३८ झाली होती, ॲट्रोपीन लागलं होतं." एवढी दोन वाक्यं ऐकली की आमच्यातला कुणीही ॲट्रोपीन आणि बीपी-ठोके दोन्ही वर आणणारं एफेड्रिन आधी भरून ठेवेल. फेनिलेफ्रिन द्यायचं तर हात आखडता घेईल. सलाईन इंजेक्शनच्या वेळीच जोरात सोडेल. काही जण आधी उलटी थांबवणारं ऑन्डान्सेट्रॉन देतात, त्यानेही ही प्रतिक्षिप्त क्रिया थोडी दबते. त्या सगळ्याची निवड त्यांच्यावर सोडा.

बीपी पुन्हा वाढलं आणि लॅबेटालॉल सुरू झाली, तर "ठोके उतरतील" या भीतीने गोळी आपल्या मनाने बंद करू नका. वाढलेलं बीपी त्या ठोक्यांपेक्षा कितीतरी वाईट. ऑपरेशनच्या सकाळी गोळी घ्यायची की नाही, हे त्यांनाच विचारा. आणि टेबलावर मळमळलं, जांभई आली, आवाज लांब गेले, की लाजू नका, लगेच सांगा. या वेळी तुम्हाला ते आमच्या आधी कळेल.

प्रश्न : माझी पत्नी २५ वर्षांची आहे, आम्ही लातूर जिल्ह्यातले. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता, त्यातून हृदयाची झडप अरुंद झाली. १९व्या वर्षी फुगा घालून झडप मोठी केली. आता पाचवा महिना आहे. जिना चढताना धाप लागते, ठोके वेडेवाकडे पडतात. मेटोप्रोलॉलची गोळी आणि रक्त पातळ होण्याचं इंजेक्शन दिवसातून दोनदा चालू आहे. गावातल्या डॉक्टरांनी "बाळंतपण इथे करायचं नाही, भूल देता येणार नाही," असं सांगितलं. आम्हाला टाळताहेत का?

उत्तर : टाळत नाहीत. त्यांनी प्रामाणिक सल्ला दिलाय, आणि तो पाचव्या महिन्यात दिला म्हणून त्यांचे आभार माना.

वरच्या पत्रातल्या ताईंचं हृदय मंद झालं होतं. तुमच्या पत्नीच्या बाबतीत भीती उलट आहे, ते जलद होण्याची. झडप अरुंद असेल, तर वरच्या कप्प्यातलं रक्त खाली उतरायला वेळ लागतो. ठोके जलद पडले की तो वेळच मिळत नाही. रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं, ठोकेही मिनिटाला १० ते २०ने वाढतात. म्हणून आजवर न लागलेली धाप पाचव्या-सहाव्या महिन्यात लागते. मेटोप्रोलॉल ठोके आवरण्यासाठीच आहे, एकही गोळी चुकवू नका. ठोके वेडेवाकडे पडताहेत, म्हणजे वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता थरथरत असावा. तसं असेल तर तिथे गुठळी होऊ शकते, म्हणून ते इंजेक्शन.

अशा बाईला पाठीत एकदम पूर्ण मात्रा दिली, तर बीपी झपकन उतरतं, आणि ते सावरायला हृदय जलद धावतं. तिला नेमकं तेच सोसणार नाही. म्हणून मोठ्या हॉस्पिटलांत बारीक नळी घालून औषध थेंबाथेंबाने चढवतात, त्याला एपिड्यूरल म्हणतात. बऱ्याचदा याच नळीतून कळा सुसह्य करून नॉर्मल बाळंतपण करतात. झडपेच्या आजारात ते सिझरपेक्षा बरं पडतं. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनची मात्रा उपचाराची असेल, तर शेवटच्या डोसनंतर २४ तास गेल्याशिवाय पाठीत सुई घालता येत नाही. मज्जारज्जूपाशी रक्त साचलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणजे बाळंतपणाची तारीख आणि इंजेक्शनचं वेळापत्रक दोन्ही आधीच मांडून ठेवावं लागतं. मध्यरात्री, अनोळखी दवाखान्यात, हे होण्यासारखं नाही.

हृदयविभाग आणि प्रसूतिविभाग एकाच छपराखाली असतील अशा मेडिकल कॉलेजात किंवा मोठ्या हॉस्पिटलात आत्ताच नाव नोंदवा, नववा लागायची वाट बघू नका. बाळंतपणानंतर लगेच घरी न्यायची घाई करू नका. गर्भाशय आकसलं की त्यातलं रक्त एकदम हृदयाकडे येतं, आणि या आजारात पहिला दिवस-दोन दिवस सगळ्यात जपावं लागतं. रात्री धाप लागून उठून बसावं लागलं किंवा गुलाबी फेस असलेला खोकला आला, तर सकाळ होऊ देऊ नका.

प्रश्न : मी रत्नागिरीत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिझरमध्ये बाळ बाहेर आल्यावर मी ऑक्सिटोसिनची सिरिंज भराभर ढकलायला गेले, तर भुलीच्या मॅडम माझ्यावर ओरडल्या. नंतर पेशंट थरथर कापायला लागली आणि मॉनिटरवर नुसती वेडीवाकडी रेघ, ठोके २१० दाखवायला लागला. हृदय थांबलं असं वाटून मी घाबरून "अरेस्ट!" असं ओरडले. मॅडम शांत होत्या. माझं काय चुकलं?

उत्तर : घाबरून का होईना, तू हाक मारलीस हे चांगलं केलंस. गप्प राहिली असतीस तर मला काळजी वाटली असती.

ऑक्सिटोसिन गर्भाशय आवळतं, पण रक्तवाहिन्या सैल सोडतं. एकदम ढकललं की बीपी घसरतं, ठोके वाढतात, बाईची छाती आवळते, ईसीजीची रेघही काही वेळा खाली जाते. ज्या बाईचं रक्त आधीच गेलंय, तिला हे जिवावर बेतू शकतं. पूर्वी १० युनिट एका दमात देण्याची पद्धत होती. ब्रिटनमधल्या १९९७ ते १९९९ या तीन वर्षांच्या मातामृत्यूंच्या चौकशीनंतर तिथे ५ युनिट, तेही सावकाश, असा दंडक आला. आपल्याकडेही आता ३ ते ५ युनिट हळूहळू आणि बाकीचं सलाईनमधून देतात. मॅडम ओरडल्या ते योग्यच होतं. पुढच्या वेळी सिरिंज हातात घेण्याआधी "किती आणि किती वेळात?" हे विचारून घे.

थरथर. पाठीतल्या भुलीनंतर पुष्कळ बायका कापतात. पायातल्या रक्तवाहिन्या उघडल्यामुळे अंगाची ऊब बाहेर जाते आणि वरचे स्नायू हुडहुडत राहतात. त्या स्नायूंची वीज ईसीजीच्या तारांत शिरते आणि यंत्र तिलाच ठोके समजून मोजतं. अशा वेळी स्क्रीनवरची दुसरी रेघ बघ, बोटाला लावलेल्या क्लिपची. तिच्या लाटा सारख्या अंतराने येत असतील आणि तिथला आकडा ९० असेल, तर हृदय ९०नेच चाललंय. तरी शंका आली तर मनगट धर. ईसीजीचे स्टिकर दंडाच्या मांसावर न लावता खांद्याच्या हाडावर लावलेस, तर रेघ कमी विसकटेल.

आणि तुझं लक्ष मॉनिटरवर असताना ती बाई तुझ्या तोंडाकडे बघत असते. तू "अरेस्ट" म्हणालीस ते तिनेही ऐकलं. वॉर्डात गेल्यावर तिच्या अंगावर आणखी एक ब्लँकेट घाल, तिचा हात धर आणि सांग : "हा कंप भुलीचा आहे, फिट नाही, हार्टचंही काही नाही. अर्ध्या तासात थांबेल. मघाशी मी ओरडले ते यंत्राची रेघ चुकीची वाचली म्हणून."